जामीनदार क्रमांक दोन

सरकारी नोकराचा कशावर विश्वास आहे हे जाणून घ्यायचं असेल, तर त्याच्या हातात प्रश्नावली देऊ नये. पतसंस्थेच्या कर्जाचा फॉर्म त्याच्यापुढे सरकवावा, शेवटच्या पानावर 'जामीनदार क्र. २' असं छापलेल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवावं आणि त्याच्या तोंडाकडे बघावं. चहाचा कप ओठापाशी थांबतो, चष्मा कपाळावर जातो आणि माणूस विचारतो, "क्रमांक एक कोण आहे?"

एवढी साधी युक्ती ठाऊक नसल्यामुळे एमबीए करणारी एक मुलगी आमच्या कार्यालयात प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन आली. विषय होता, 'सार्वजनिक क्षेत्रातील कर्मचाऱ्यांचा संस्थेवरील विश्वास व बांधिलकी'. आमचं कार्यालय कोणतं ते सांगत नाही. वर्तणूक नियमांप्रमाणे आधी परवानगी काढावी लागेल आणि ती येईपर्यंत हा अंक रद्दीत गेलेला असेल. तळेगाव दाभाड्याहून लोकलने जाता येतं, इतकं समजलं तरी पुरे.

आमच्याकडे माणसांना नावं असतात ती सेवापुस्तकात. एरवी सगळे टेबलाच्या नावाने ओळखले जातात. 'लेखा जेवायला गेलाय', 'भांडारच्या मुलीचं जमलं', 'आवक-जावक आज चिडलेत, नंतर या'. तर त्या मुलीला पहिल्यांदा आवक-जावकनेच अडवलं. पत्र आहे का? होतं. पत्रावर जावक क्रमांक? होता. मग त्यांना काही सुचेना, म्हणून त्यांनी ते पत्र उलटं करून मागची कोरी बाजू वाचली आणि तिला आस्थापना मॅडमकडे पाठवलं.

मॅडमनी विचारलं, "नाव लिहायचं का ह्याच्यावर?"

"नाही मॅडम, सगळं गोपनीय राहील."

इथे वातावरण बिघडलं. आमच्याकडे गोपनीय असतो तो फक्त अहवाल. तो साहेब लिहितात आणि त्याच्यावर बढती अडते. पाचच मिनिटांत बातमी भांडारापर्यंत गेली की, एक मुलगी गोपनीय घेऊन आलीय. परिणामी सगळ्या कार्यालयाने एकजुटीने, कोणाशी काही न बोलता, प्रत्येक प्रश्नापुढच्या पाच चौकोनांपैकी मधल्या चौकोनावर खूण केली. 'वरिष्ठ दिलेला शब्द पाळतात' : तटस्थ. 'मला माझ्या कामाचा अभिमान वाटतो' : तटस्थ. लेखाने तर 'वैवाहिक स्थिती'पुढेही तटस्थ लिहिलं. ही पाच चौकोनांची पद्धत रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन माणसाने १९३२ साली काढली. त्याने आधी एखादं वर्ष आमच्या आस्थापना शाखेत काढलं असतं, तर बाकीच्या चार चौकोनांचा कागद वाचला असता.

मुलगी हुशार होती, नाराज झाली नाही. तिने समजावून सांगितलं, की मेयर आणि ॲलन नावाच्या कॅनडातल्या दोन अभ्यासकांनी १९९१ साली बांधिलकीचे तीन प्रकार पाडले आहेत. काही माणसं संस्थेत राहतात ती जीव जडला म्हणून. काही राहतात ती सोडलं तर नुकसान होईल म्हणून. आणि काही राहतात ती, सोडून जाणं बरं दिसत नाही म्हणून. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाळ, चौथा राहिला बघ. मागूनही बदली होत नाही म्हणून राहणारे."

आता सरकारचा आमच्यावर विश्वास किती, हेही पाहायला हवं. तो भरपूर आहे, म्हणूनच ते रोज आमचा अंगठा घेतात. पूर्वी ज्याला लिहिता येत नसे त्याचा अंगठा घेत, आता वर्ग एकच्या अधिकाऱ्याचाही घेतात. शिवाय २००५ साली सरकारने कायदा केला, की कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. या कायद्याचं आमच्याकडे काटेकोर पालन होतं. सहाव्या दिवशी नस्ती 'अभिप्रायार्थ' म्हणून शेजारच्या टेबलावर जाते. तिथला माणूस सहाव्या दिवशी 'चर्चा करावी' असं लिहून ती परत पाठवतो. चर्चा कधीच होत नाही, कारण दोघांच्या खुर्च्यांमध्ये दोन फूट अंतर आहे आणि तेवढ्याकरता कोण उठणार? पण आपण पाठवलेली नस्ती समोरचा माणूस दुसऱ्या दिवशीच निकाली काढून आपल्याला उघडं पाडणार नाही, ही खात्री दोघांनाही असते. असा परस्परविश्वास खासगी कंपन्यांत पैसे मोजून, लोणावळ्याला शिबिरं भरवूनही निर्माण होत नाही.

बांधिलकीचा अभ्यास करायला मी त्या मुलीला तळेगावच्या सकाळच्या लोकलमध्ये बसायला सांगितलं. पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली. हिच्या वाटेवर सरकारी आस्थापनांची अशी माळ आहे, की स्टेशनचं नाव न वाचताही उतरणाऱ्यांच्या डब्यांवरून आणि बोलण्यावरून ठिकाण ओळखता येतं. घोरावाडी-बेगडेवाडीला डोळा लागतो, देहूरोडला उघडतो. तिथे दारूगोळ्याची माणसं उतरतात.

ही फार निराळी जमात आहे. ३० सप्टेंबर २०२१ च्या रात्री ही मंडळी केंद्र सरकारची नोकर म्हणून झोपली आणि १ ऑक्टोबरला कंपनीची माणसं म्हणून जागी झाली. आयुध निर्माणी मंडळ सरकारने मोडलं, त्याचे ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले. देहूरोडचा कारखाना आणि खडकीचे दोन म्युनिशन्स इंडिया लिमिटेडच्या वाट्याला आले. त्यातला खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, म्हणजे राणीच्या राज्यापासून तो एकाच मालकाच्या सवयीचा, तो मालक म्हणजे सरकार. तर त्या सकाळी तीच लोकल, तेच गेट, तेच मशीन, डब्यात तीच मेथीची भाजी, पण माणूस मात्र 'डीम्ड डेप्युटेशन'वर. म्हणजे उभ्या जागेवरून तसूभरही न हलता दुसरीकडे गेलेला. देहू इतकं जवळ असल्याशिवाय असली अवस्था साधत नाही.

पुढे पंधरवड्यातच, दसऱ्याला, पंतप्रधानांनी त्या सातही कंपन्या राष्ट्राला अर्पण केल्या. आदल्या दिवशी खंडेनवमीला हार घातलेलं मशीन दुसऱ्या दिवशी राष्ट्रार्पण झालं. संरक्षण उत्पादनातल्या संपावर बंदी घालण्याची सोय सरकारने त्याआधीच कायदा करून ठेवली होती, इतका त्यांचा कामगारांवर विश्वास. उलट बाजूने, तुमच्या सेवाशर्ती बदलणार नाहीत असं सरकारने सांगितलं, तेव्हा आमच्या डब्यातल्या एका जुन्या फिटरने खिडकीबाहेर बघत एवढंच विचारलं, "परिपत्रक निघालंय का?" सरकारी माणसाचा सरकारच्या शब्दावर विश्वास असतो. फक्त तो शब्द क्रमांक आणि दिनांकासह हवा.

पिंपरी आली की मात्र माझा विनोद थोडा पडतो. तिथे एचए आहे. १९५४ साली स्थापन झालेली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, देशाची सार्वजनिक क्षेत्रातली पहिली औषध कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने ती उभी राहिली आणि पेनिसिलिन देशात बनू लागलं. आजूबाजूला आज जी पिंपरी-चिंचवड नावाची औद्योगिक नगरी पसरलेली दिसते, तिच्या जन्माच्या दाखल्यावर पहिली सही एचएची. इथल्या संशोधकांनी बुरशीविरुद्ध एक औषध शोधलं आणि त्याचं नाव ठेवलं हॅमायसिन. आपण फार तर पोरांना आजोबाचं नाव ठेवतो. यांनी औषधाला कंपनीचं ठेवलं. डाळिंबाचे बागायतदार तेल्या रोगावर ज्या स्ट्रेप्टोसायक्लिनच्या पुड्या मारत आले, त्याही इथल्याच.

पुढे कंपनी तोट्यात गेली आणि असे दिवस आले, की महिनोन्महिने पगार नाही. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनीची जादा जमीन विकून देणी भागवायची आणि कामगारांना स्वेच्छानिवृत्ती द्यायची असं ठरवलं, पण निर्णय आणि पगार या दोन वेगवेगळ्या शाखांच्या गोष्टी आहेत. त्या काळात लोक कामावर जातच होते. पगार नसताना माणूस डबा घेऊन निघतो, पास काढतो, गेटवर वेळेवर पोचतो, याला मेयर-ॲलनच्या तीन खणांपैकी कुठल्या खणात घालायचं ते मला ठरवता आलेलं नाही. पतसंस्थेच्या बाजूने पाहिलं तर आणखी चमत्कार. हप्ता कापायचा पगारातून, तो नाही. मग वसुली जामीनदाराकडून करायची, तर जामीनदार त्याच मस्टरवर सही करणारा. पुढच्या जामीनदाराकडे जावं, तर तोही तिथलाच. सगळे एकमेकांना जामीन आणि सगळ्यांना मिळून जामीन दिल्ली.

कासारवाडी सोडून दापोडी आली, की एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेची माणसं. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. तळेगाव आगाराच्या गाड्या किती दिवस उभ्या होत्या, ते मावळातल्या कॉलेजच्या पोरांना विचारा. मागणी काय होती? आम्हाला राज्य शासनात विलीन करा. ज्या शासनाच्या नावाने रोज बोटं मोडायची, त्याच्यातच विरघळून जाण्यासाठी माणसं महिनोन्महिने बिनपगारी बसली. ज्याची बांधिलकी संपली तो राजीनामा देतो हो, संप कशाला करेल? घर सोडून चाललेली बाई दारात उभी राहून तासभर भांडत नाही.

आमच्या कार्यालयाला संपाचा योग आला तो १४ मार्च २०२३ रोजी. 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. ज्यांना हा मामला माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, की महाराष्ट्रातल्या सरकारी माणसांत एकच खरा जातिभेद उरला आहे आणि त्याची सीमारेषा १ नोव्हेंबर २००५ ही आहे. त्याआधी रुजू झालेला माणूस म्हातारपणाकडे सासुरवाडीला निघाल्यासारखा बघतो. त्यानंतरचा माणूस शेअर बाजाराकडे बघतो. दोघे एकाच बाकावर बसतात, एकाच डब्यातलं लोणचं खातात, पण सेन्सेक्स पडला की एकाचाच घास अडकतो. संपात मला नवल वाटलं ते आस्थापना मॅडमचं. त्यांची नेमणूक २००५ च्या कितीतरी आधीची, जुनी पेन्शन खिशात. तरी सातही दिवस त्या घोषणा द्यायला हजर. शनिवार-रविवारीही फोन करून विचारत होत्या, 'आज आहे का रे?' मी म्हटलं, "मॅडम, तुमचं काय अडलंय?" त्या म्हणाल्या, "भांडारला दोन मुली आहेत. आणि त्याच्या घराच्या कर्जाला मी जामीन आहे." एका वाक्यात माया आणि धोका दोन्ही. संप २० मार्चला मिटला.

तळेगावाला यातल्या कशाचं फारसं नवल नाही. हे गावच सरसेनापतींचं, त्यामुळे सेवेतली निष्ठा, बढती, डावललं जाणं, वरिष्ठांशी मतभेद, सगळं इथे तीनशे वर्षांपूर्वीच होऊन गेलंय. १७३१ साली डभोईच्या लढाईत सेनापती त्र्यंबकराव दाभाडे बाजीराव पेशव्यांविरुद्ध लढताना पडले. एकाच छत्रपतींच्या सेवेतले दोन खातेप्रमुख, आणि आंतरविभागीय वाद थेट रणांगणात. छत्रपती शाहूंनी सेनापतिपद त्र्यंबकरावांच्या भावाला, यशवंतरावांना दिलं. आमच्या आस्थापना शाखेच्या मते ही अनुकंपा तत्त्वावरची नियुक्ती असून ती प्रतीक्षायादीशिवाय झाल्याने आक्षेपार्ह आहे. पुढे दाभाड्यांच्या हाताखाली गुजरातेत कामगिरीवर असलेले गायकवाड बडोद्याचे धनी झाले. प्रतिनियुक्तीवर गेलेला माणूस मूळ विभागात परत येत नाही, हा धडा तळेगावने तेव्हाच घेतला. त्यामुळे २०२२ साली तळेगावच्या नावाने चर्चेत असलेला वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातेत गेल्याची बातमी आली, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला तरी तळ्याकाठच्या बाकावरची जुनी मंडळी फारशी दचकली नाहीत. "गायकवाडांपासूनची वहिवाट आहे," एक जण म्हणाले आणि उरलेले शेंगदाणे संपवले. वर्षभराने फॉक्सकॉन त्यातूनही बाहेर पडली, तेव्हा शेंगदाणे पुन्हा आणले गेले.

याच गावात विश्वासाचा एक नमुना असाही आहे, की त्याच्यापुढे आमच्या पतसंस्थेने लाजावं. अंताजी दामोदर काळे नावाच्या माणसाच्या डोक्यात आलं, की माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभा करता येईल. लोकमान्य पाठीशी उभे राहिले आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावात काचेचा कारखाना निघाला. माणशी एक पैसा! आता आपण शेअर, डिबेंचर म्हणतो, पण ज्याचा एकच पैसा बुडणार आहे, त्याला जामीनदार मागायची बुद्धी होत नाही. रक्कम वाढली की विश्वासाला सह्या लागायला लागतात.

आणि खासगीवाले? जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ साली सुरू झाला तेव्हा 'मुलगा कंपनीत आहे' या वाक्याला लग्नाच्या बाजारात मोठा भाव आला होता. २०२० च्या डिसेंबरात तिथलं उत्पादन थांबलं. आता तो कारखाना ह्युंदाईकडे गेलाय, पण मुलींचे बाप सावध झाले ते झालेच. ते आता थेट विचारतात, परमनंट आहे का, आणि पगार कोणत्या आयोगाचा.

तर आमचे आवक-जावक. ३१ मे रोजी ते निवृत्त झाले. महाराष्ट्रातली निम्मी माणसं १ जूनला जन्मलेली आहेत, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली, आणि एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे मेअखेरीला सरकारी कार्यालयांत शाली आणि नारळ यांचा तुटवडा पडतो. आवक-जावक हा जगावर विश्वास नसलेला माणूस. स्वतःच्या रजेच्या अर्जाचीही पोच घ्यायचे. टेबलावरचं पेन दोरीने खिळ्याला बांधलेलं. लेखाशी त्यांचं बोलणं नव्हतं, कारण पूर्वी कधीतरी पंख्याचं तोंड कोणी कुणाकडे वळवलं यावरून वाद झाला होता आणि त्याचा निकाल प्रलंबित होता.

निरोप समारंभात सगळ्यांनी भाषणं केली. तुमच्याशिवाय कार्यालय कसं चालेल, असं प्रत्येक जण म्हणाला. आम्हाला वाटलं, नेहमीचंच. मग पतसंस्थेचा माणूस वेफर्सची बशी घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, की ना-देय दाखला देता येत नाही. आवक-जावकांचं स्वतःचं कर्ज नाही, पण ते पाच जणांना जामीनदार क्रमांक दोन आहेत. निवृत्त माणूस जामीन चालत नाही. पाचही ठिकाणी बदली जामीनदार द्या, मगच फंडाचे पैसे हातात. सरकारने त्यांना कार्यमुक्त केलं होतं, आम्ही नाही.

पाच नावं वाचली गेली. भांडार, नोंदणी, शिपाई दोन, आणि लेखा.

सगळ्यांनी लेखाकडे पाहिलं. लेखाने भिंतीवरच्या पंख्याकडे पाहिलं. नंतर मला मॅडमनी सांगितलं, की मुलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी लेखाचा फॉर्म शिपायाच्या हाती आवक-जावकांच्या टेबलावर आला होता. त्यांनी तो रीतसर आवक केला, क्रमांक घातला, सही केली आणि शिपायाच्याच हाती जावक केला. बोलणं झालंच नाही. एक शब्द न बोलता साडेतीन लाखांची हमी.

त्यानंतर वेफर्स फार वेगाने संपले आणि माणसं पांगू लागली. भांडारला अचानक गोदामाची चावी आठवली. मॅडम म्हणाल्या, माझी मर्यादा भरली. मी चप्पल शोधत होतो, तेवढ्यात शाल खांद्यावर आणि नारळ काखेत घेतलेले आवक-जावक समोर येऊन उभे राहिले.

"तुमची अजून सहा वर्षं आहेत ना सर्व्हिस?"

"हो, पण..."

"लेखाचा एकच घ्या. बाकीचे मी बघतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माणूस तसा बरा आहे. पंख्याचं सोडून."

सही करायला माझ्याकडे पेन नव्हतं. त्यांचं होतं, पण ते दोरीने टेबलाला बांधलेलं आणि दोरी आखूड. त्यामुळे मला त्यांच्या खुर्चीत बसून सही करावी लागली. सही संपायच्या आत समोर एक गृहस्थ अर्ज घेऊन हजर झाले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, पोच द्या."